बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी: काढायची कशी, आणि परत का येते

सकाळी दुचाकीच्या सेल्फचं बटण दाबलं की नुसतं ‘कट्’ वाजतं आणि मोटर फिरत नाही. हॉर्न मात्र ठणठणीत. किक मारली की गाडी चालू. गावात अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘बॅटरी गेली, बदलून टाक’ हाच. हजाराच्या वर खर्च करण्याआधी बॅटरीवरचं झाकण काढून टर्मिनलकडे एकदा नीट पाहा. तिथे पांढरी, पिठासारखी किंवा हिरवट बुरशी दिसली तर बॅटरी बरी असण्याची शक्यता चांगली आहे. बिघाड तिच्या आत नसून तिच्या तोंडाशी आहे.

हॉर्न वाजतो आणि सेल्फ चालत नाही, याचं गणित सोपं आहे. सेल्फची मोटर फिरायला लागताना ५० अँपिअर करंट ओढते असं धरा. हॉर्नला तीनेक अँपिअर पुरतात. बुरशीमुळे जोडावर ०.०५ ओहम इतका बारीक अडथळा तयार झाला, तरी सेल्फच्या वेळी त्यावर २.५ व्होल्ट खर्ची पडतात आणि हॉर्नच्या वेळी फक्त ०.१५. म्हणजे हॉर्नला काही कळतच नाही आणि सेल्फला बारातले अडीच व्होल्ट कमी मिळतात. म्हणूनच ‘हॉर्न वाजतो म्हणजे कनेक्शन बरोबर आहे’ हा हिशोब चुकतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. वर दिसणारी फुगलेली बुरशी जितकी भीतीदायक दिसते तितकी ती नुकसान करत नाही. खरा अडथळा असतो तो थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली भोकाची धातूची पट्टी) आणि टर्मिनल एकमेकांना जिथे टेकतात त्या सपाट जागेत, नटबोल्टखाली. वरून ब्रश मारून, थोडं पाणी ओतून गाडी उभी केली तर दिसायला स्वच्छ होते, सेल्फ मात्र तसाच रुसलेला राहतो. बोल्ट खोलल्याशिवाय हे काम होत नाही.

रंगावरून काय कळतं

बॅटरीच्या आत शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल. चार्जिंग होताना आतून वायू निघतो आणि त्याच्यासोबत आम्लाचे बारीक तुषार बाहेर येतात. टर्मिनलच्या बुडाशी सील फाटलं असेल तर तिथूनही आम्ल झिरपतं. शिशाशी मिळून पांढरी-राखाडी भुकटी होते, ती लेड सल्फेट. वायरमधल्या तांब्याशी किंवा पितळी थिंबलशी मिळून निळसर-हिरवा थर येतो, तो कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद. तांबूस तपकिरी दिसला तर तो बोल्टच्या लोखंडाचा साधा गंज. तिन्ही एकत्रही असतात.

गाडी रात्री ढोरांच्या कोठ्यात उभी राहत असेल तर हिरवा रंग लवकर दिसतो. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. युरियाची फाटकी बॅग सीटवरून वावरात नेली आणि दाणे साइड पॅनेलच्या फटीत गेले, तर पावसाळी हवेत ते ओल धरून ठेवतात, तीही भर. गाडी कोठ्यातून हलवून ओसरीत लावणं हा फुकटातला उपाय आहे.

सामान

खायचा सोडा, म्हणजे भज्यात टाकतो तोच, एक सपाट मोठा चमचा. कोमट पाणी एक पेला, साधारण २०० मिली. जुना टूथब्रश. पॉलिश पेपर, २२० नंबरचा हाताच्या पंजाएवढा तुकडा. १० मिमीचा पाना आणि चौफुली पेचकस. काही गाड्यांना ८ मिमी लागतो. सुती फडकं दोन, एक ओल्या कामाला आणि एक कोरडं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. लिथियम ग्रीस चिमूटभर. डिस्टिल वॉटरची एक बाटली. मल्टिमीटर असला तर उत्तम. दोन-तीनशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मीटर या कामाला भरपूर आहे.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगणं भाग आहे. अकोला, बुलडाणा, अमरावतीतल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट आहे. विदर्भाच्या इतर भागांतही बोअरचं पाणी बरेचदा जड असतं, तांब्या-गुंडावर पांढरे डाग पाडणारं. सोड्याचं द्रावण करायला हे पाणी चालेल, पण शेवटची धुलाई त्यानेच केली तर वाळल्यावर मिठाचा थर तिथेच राहतो आणि पहिल्या पावसात ओल धरतो. शेवटचा हात डिस्टिल वॉटरचा किंवा स्वच्छ फडक्यातून गाळलेल्या पावसाच्या पाण्याचा असू द्या. पन्नासेक मिली पुरतं.

काय वापरू नये, तेही इथेच. लिंबू, चिंच, कोल्ड्रिंक यांनी डाग निघतात हे खरं, पण तो आम्लावर आम्लाचाच उतारा. उरलेला अंश पुन्हा धातू खातो. रॉकेल आणि पेट्रोल आम्ल मारत नाहीत. पेट्रोल तर बॅटरीजवळ आणूच नये, कारण तिथे हायड्रोजन असतो आणि पाना निसटला की ठिणगी पडते. गंज काढायच्या स्प्रेने घट्ट बसलेला बोल्ट सुटायला मदत होते, आम्ल मात्र त्यानेही जात नाही. धुण्याचा सोडा चालतो, फक्त तो जास्त तिखट असल्यामुळे पाण्याने दोनदा धुवावं लागतं.

खोलताना

गाडी सावलीत, मेन स्टँडवर. इंजिन थंड होऊ द्या. किल्ली बंद करून काढून घ्या. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. कडं एका बाजूने प्लसला आणि दुसऱ्या बाजूने चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकलं तर ते क्षणात लाल होतं आणि मनगटावरून लवकर निघत नाही. बिडी-सिगारेट दूर. कपडे जुने घाला. सुती कापडावर आम्लाचा थेंब उडाला तर त्या वेळी काहीच दिसत नाही, धुतल्यावर तिथे भोक पडतं.

बॅटरी कुठे बसते हे गाडीगणिक वेगळं: कुठे साइड पॅनेलमागे, कुठे सीटखाली. झाकण निघालं की आधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली वायर कुठे, थिंबल कोणत्या दिशेने वळलेली, छोट्या जादा वायरी कशावर चढवलेल्या, हे सगळं त्यात आलं पाहिजे. वायरीच्या रंगावर विसंबू नका. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत अर्थची, म्हणजे मायनसची, वायर हिरवी असते, दुसऱ्या कंपनीत रंग वेगळा. बॅटरीच्या अंगावरचं प्लस-मायनसचं चिन्ह हेच खरं. बुरशीखाली ते दडलं असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसून वाचा.

आता क्रम. आधी मायनस काढायचा, मग प्लस. ही नुसती रीत म्हणून पाळायची गोष्ट नाही. गाडीची सगळी चेसी मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना प्लसचा बोल्ट फिरवला आणि पान्याचं दुसरं टोक चेसीला लागलं, तर सरळ शॉर्ट. ठिणगी पडते आणि पाना चिकटतो. बॅटरीजवळ वायू साचलेला असेल तर बॅटरी फुटूही शकते. मायनस आधी सुटला की चेसी मोकळी झाली, मग पाना कुठेही लागो. जोडताना बरोबर उलटं: आधी प्लस, शेवटी मायनस.

चालू गाडीत टर्मिनल कधीही काढू नका. ‘डायनॅमो चालतो का पाहू’ म्हणून काही मेकॅनिक चालू इंजिनवर बॅटरी सोडवतात. बॅटरी नसली की चार्जिंगचा व्होल्टेज एकदम उसळतो. जुन्या गाडीत यात बल्ब उडायचे, बीएस-६ (नव्या प्रदूषण-मानकाच्या) गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, उडू शकतो आणि तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग.

बोल्ट सुटत नसेल तर जोर लावू नका. दुचाकीच्या बॅटरीचं टर्मिनल शिशाचं, मऊ असतं. पाना जोराने फिरवला तर अख्खं टर्मिनल बुडातून हलतं आणि सील फाटतं. सोड्याचं कोमट पाणी चमच्याने बोल्टवर सोडा, पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा हात लावा. टर्मिनल दुसऱ्या हातात पकडीने हलकंच धरून ठेवलं तर पीळ बुडापर्यंत जात नाही.

बोल्ट निघाला की खालचा चौकोनी नट टर्मिनलच्या खोबणीतून घसरतो आणि हमखास बॅटरीच्या खोक्यात पडतो. सोडवायच्या आधीच खाली चिंधी कोंबून ठेवा. परत बसवताना तो नट खाली बसतो आणि बोल्ट त्याच्यापर्यंत पोचत नाही, यावरच लोकांचा अर्धा तास जातो. जुन्या सायकल ट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दुमडून नटाखाली सारला की तो नटाला वर धरून ठेवतो.

दोन्ही वायरी सुटल्या की पट्टा काढून बॅटरी बाहेर घ्या. पाणी टाकायची बॅटरी असेल तर ती आडवी करू नका, आणि बाजूची व्हेंट नळी, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी नळी, ओढून तोडू नका. अलगद फिरवून काढा.

साफ करताना

बॅटरी मातीवर किंवा जुन्या थाळीत ठेवा, फरशीवर नको, डाग पडतो. पाणी टाकायच्या बॅटरीची सहाही बुचं घट्ट आहेत का पाहा आणि व्हेंटचं तोंड तात्पुरतं चिकटपट्टीने झाका. सोड्याचा थेंबही आत जाता कामा नये. आत गेला तर तो तिथलं आम्ल मारतो आणि त्या सेलचं, म्हणजे बॅटरीतल्या त्या कप्प्याचं, काम बिघडतं. काम झाल्यावर ती पट्टी आठवणीने काढा, नाहीतर बॅटरीचा श्वासच बंद.

सगळ्यात आधी कोरडी भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्या. तोंडाने फुंकर मारू नका. ही शिशाची भुकटी आहे, नाका-तोंडातून पोटात जाते आणि शरीरात साचत राहते. लहान पोरांना तर फारच वाईट. पोरं आजूबाजूला असतील तर त्यांना दुसरीकडे पाठवा.

मग सोड्याचं पाणी चमच्याने थोडं थोडं टर्मिनलवर सोडा. फसफसून फेस येतो. आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड निघतो, तोच हा फेस. मिनिटभर थांबा, टूथब्रशने घासा, परत सोडा. फेस येणं बंद झालं की तिथलं आम्ल संपलं असं समजा. साधारण तीन वेळा करावं लागतं. टर्मिनलचं बूड, म्हणजे शिसं प्लॅस्टिकातून जिथे वर येतं ती गोल कड, तिथे ब्रशचे केस उभे धरून घासा. तिथेच आम्ल दडतं.

फेस थांबल्यावर साध्या पाण्याने धुवा, शेवटी डिस्टिल वॉटर, मग कोरड्या फडक्याने पुसून दहा मिनिटं वाळू द्या. उन्हात तापत ठेवू नका.

यानंतर थिंबल टेकते तो सपाट भाग पॉलिश पेपरने घासायचा. पेपर थोडा ओला करून घासा म्हणजे धूळ उडत नाही. चार-सहा हात पुरतात. शिशाची चमकदार रुपेरी जागा दिसली की थांबा. कानस लावू नका. शिसं इतकं मऊ असतं की कानशीने खड्डा पडतो आणि मग थिंबल सपाट टेकतच नाही. बोल्ट-नट वाटीत सोड्याच्या पाण्यात टाकून ठेवा. आटे गंजून खाल्ले असतील तर दहा रुपयांचा मोह न करता नवे घ्या, पण त्याच मापाचे. लांब बोल्ट घातला तर तो नटाच्या पलीकडे जाऊन बॅटरीच्या प्लॅस्टिकला भोसकतो.

वायर, जिच्याकडे कोणी पाहत नाही

थिंबल टूथब्रशने आणि पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी घासा. मग तिच्या मागे वायरीवरचं रबर नखाने दाबून पाहा. कडक, फुगलेलं किंवा आत भुकटी करकरल्यासारखं लागलं तर ब्लेडने एक सेंटिमीटर सोलून बघा. तांब्याच्या तारा लालसर, चमकदार असायला हव्यात. काळ्या किंवा हिरव्या पडल्या असतील तर आम्ल रबराच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढलेलं आहे. अशी वायर बाहेरून कितीही घासली तरी उपयोग नाही. चांगलं लाल तांबं लागेपर्यंत कापा, नवी थिंबल दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवा. बोल्ट ६ मिमीचा असेल तर थिंबलचं भोकही ६ मिमीचंच. नुसत्या तारा पिळून बोल्टाभोवती गुंडाळणं हा उपाय नाही. सेल्फचा करंट त्या चार-दोन टेकलेल्या तारांतून जातो, त्या तापतात, शिसं मऊ होतं आणि टर्मिनल झिजतं. वायर कापून तोकडी होत असेल तर ओढून ताणून जोडू नका, नवी घ्या.

मायनसची वायर दुसऱ्या टोकाला इंजिनच्या किंवा चेसीच्या बोल्टला जाते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल तिथे थापला जातो आणि वरून वाळला तरी आतून आठवडा आठवडा ओला राहतो. तो बोल्ट सोडवा, थिंबलखालचा रंग आणि गंज घासून उघडं लोखंड दिसू द्या, परत कसा, वर ग्रीस. टर्मिनल चकचकीत करूनही सेल्फ चालत नाही अशा गाड्यांत बरेचदा चोर इथे सापडतो. जवळच फ्यूजचा डबा असतो. फ्यूज ओढून त्याच्या पायांवर हिरवटपणा दिसला तर बारीक पेपरने घासून परत लावा. फ्यूज जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच.

जोडणी आणि ग्रीस

बॅटरी जागेवर, पट्टा घट्ट, व्हेंट नळी आपल्या जागी. आधी प्लस, मग मायनस. बोल्ट हाताने दोन-तीन आटे बसवून मगच पाना लावा. थिंबल बोटाने हलवली तर हलू नये, इतकंच घट्ट. पान्याच्या टोकाला अख्ख्या मनगटाचा जोर नको, दोन बोटांचा पुरे. मायनस टेकवताना बारीक ठिणगी येऊ शकते. किल्ली बंद असूनही मोठी ठिणगी आली तर काहीतरी चालू राहिलंय किंवा कुठे शॉर्ट आहे. थांबा, शोधा. प्लस-मायनस उलटे लागले तर नशीब असेल तर मेन फ्यूज जातो, नसेल तर चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा आरआर युनिटही (रेग्युलेटर-रेक्टिफायर).

ग्रीस सगळं कसून झाल्यावर, वरून. दोन धातूंच्या मध्ये भरायचं नाही. ग्रीसचं काम हवा, ओल आणि आम्लाचे तुषार अडवण्याचं आहे. बहुतेक ठिकाणी व्हॅसलीन लावायला सांगतात आणि थंड मुलखात ते ठीकही आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यात इंजिनची धग. व्हॅसलीन तिथे वितळून खाली ओघळतं आणि त्यावर धूळ बसून चिखल होतो. लिथियम ग्रीस, चाकाच्या बेअरिंगला लावतात ते, या तापमानाला जागचं हलत नाही. पातळ थर पुरे, लोण्याचा गोळा नको. प्लसवरची रबरी टोपी हरवली असेल तर ट्यूबचा तुकडा कापून तशी टोपी करा. सीटचा पत्रा दबून प्लसला लागू नये म्हणून ती असते.

किल्ली फिरवा, सेल्फ मारा. घड्याळ आणि ट्रिप मीटर शून्यावर गेले असतील, ते परत लावून घ्या.

मीटर लावून खात्री

मीटर डीसी २० व्होल्टवर. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. अशी महिनाभर राहिली तर प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि मग टर्मिनल कितीही घासा, व्यर्थ.

जोड नीट झाला का, हे पाहायची खरी कसोटी वेगळी. मीटरची लाल सुई प्लसच्या शिशावर टोचा, काळी सुई त्याच जोडावरच्या थिंबलवर. दुसऱ्याला तीन सेकंद सेल्फ दाबायला सांगा. मीटरवर ०.१ किंवा कमी आलं तर जोड उत्तम. ०.३-०.४ आलं तर पुन्हा खोला, घासायची जागा सुटली आहे. मायनसला काळी सुई टर्मिनलच्या शिशावर आणि लाल इंजिनच्या उघड्या धातूवर, इथे ०.२ पर्यंत चालतं. नुसतं डोळ्याला चकचकीत दिसणं यापुढे काहीच नाही.

मग इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन बॅटरीवर व्होल्टेज पाहा. १३.५ ते १४.८ च्या दरम्यान हवं. १३ च्याही वर चढत नसेल तर चार्जिंग कमी. १५ च्या पुढे जात असेल तर आरआर युनिट बिघडलाय, बॅटरी उकळतेय, आणि आज काढलेली बुरशी महिनाभरात परत येणार.

परत का येते

बुरशी हे लक्षण आहे. आम्ल बाहेर कुठून येतंय हे शोधलं नाही तर हाच उद्योग दर दोन महिन्यांनी.

पाणी टाकायच्या बॅटरीत पहिलं कारण म्हणजे जास्तीचं पाणी. ‘वर’ची रेघ ओलांडून काठोकाठ भरतात, चार्जिंगला पाणी तापतं, फुगतं आणि व्हेंटमधून आम्लासकट बाहेर येतं. जास्तीचं पाणी मेडिकलमधल्या १० मिलीच्या सिरिंजने ओढा आणि सोड्याच्या पाण्यात सोडा, नालीत किंवा झाडाच्या बुडाशी नको. त्या सिरिंजचा दुसऱ्या कामाला वापर नाही, तोडून फेका.

दुसरं कारण व्हेंट नळी. ती चिमटलेली असते, नाहीतर तिच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते. ही गोष्ट गावाकडे कोणाला खोटी वाटणार नाही. नळी बंद झाली की आतला वायू बुचांतून, टर्मिनलच्या बुडातून वाट काढतो. बारीक तार फिरवून नळी मोकळी करा आणि तिचं खालचं टोक चेन, चेसी, ब्रेकची दांडी यांच्यापासून दूर, मोकळ्यात सुटेल असं लावा.

तिसरं, पट्टा. कच्च्या रस्त्यावर बॅटरी खोक्यात उड्या मारत असेल तर टर्मिनलचं सील फाटणारच. मूळ रबर तुटल्यावर सुतळी बांधतात, ती आम्लाने कुजते. तार बांधतात, ती शॉर्ट करते. ट्यूबची रुंद पट्टी ताणून बांधलेली यांपेक्षा कितीतरी बरी.

गाडी शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) घसरून आडवी पडली असेल तर त्याच संध्याकाळी झाकण काढून पाहा. सांडलेलं आम्ल ओलं असतानाच सोड्याच्या पाण्याने मारलं तर चेसीचा रंगही वाचतो.

सहापैकी एकाच सेलचं पाणी सारखं कमी होत असेल तर त्या सेलमध्ये दोष आहे किंवा डब्याला तडा आहे. सहाही सेल एकदम उतरत असतील तर जास्त चार्जिंग किंवा नुसता उन्हाळा. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी पाहा, नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर आठवड्याला. बाकी वर्षभर महिन्याला एकदा. भरायचं ते डिस्टिल वॉटर, खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये. नळाचं, माठाचं, आरओच्या कॅनचं नाही. आम्ल तर अजिबात नाही. उन्हात उडून जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं.

सीलबंद बॅटरीत पाणी टाकायचा प्रश्न नाही. वरची पट्टी पेचकसने उचकटून पाणी घालायचा खटाटोप करू नका, तिच्याखाली वायू सोडणारे व्हॉल्व्ह असतात. अशा बॅटरीला साफसफाईनंतर आठवड्याभरात त्याच टर्मिनलच्या बुडाशी पुन्हा पांढरं आलं, आणि चार्जिंग १४.८ च्या आत आहे, तर सील गेलंय. एम-सील लावून ते टिकत नाही. ती बॅटरी बदलायचीच. जुनी दुकानदाराला परत द्या, तो तिचे पैसे वजा करतो. भंगारवाल्याकडे फुटून तिचं आम्ल गावच्या नालीत जायला नको.

बाहेर काढलेली बॅटरी चार्ज करायची तर तिच्या अंगावर लिहिलेल्या अँपिअर-अवरच्या (एएच) दहाव्या हिश्श्याने. ५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, दहा तास. गॅरेजमधल्या मोठ्या चार्जरवर ट्रॅक्टरच्या बॅटरीशेजारी लावून दिली की ती तासाभरात गरम होते आणि बाजूने फुगते. ट्रॅक्टरवरून जंप देऊन गाडी चालू करायचीच झाली तर ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवून. बीएस-६ इंजेक्टरच्या बऱ्याच गाड्या बॅटरी पुरती बसली की किकनेही चालू होत नाहीत, म्हणून हा प्रसंग हल्ली जास्त येतो.

डोळ्यात आम्ल उडालं तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, आणि मग थेट दवाखाना. डोळ्यात सोडा घालायचा नाही. काम संपल्यावर साबणाने हात, कोपरापर्यंत. त्याआधी खर्रा घोटायला बसू नका, शिसं त्याच वाटेने पोटात जातं.

हीच पद्धत फवारणीच्या बॅटरी पंपालाही चालते. त्यात १२ व्होल्टची ८ किंवा १२ एएचची सीलबंद बॅटरी असते आणि बोल्टऐवजी दाबून बसवायच्या चपट्या पिना. औषध गळून त्या हिरव्या होतात आणि पंप पाठीवर असताना मध्येच बंद पडतो. हातमोजे इथे आम्लापेक्षा औषधासाठी जास्त गरजेचे. पिन घासून झाली की तिच्यावर बसणारी मादी पिन पकडीने किंचित दाबून घ्या, ढिली बसत असेल तर नवी लावा. ढिली राहिली तर तीच तापून वायरीचं रबर वितळवते.